बिनकांट्याचा निवडुंग लावण्यापूर्वीं

कोरडवाहू जमिनींत, माळावर व पडीक बरडावर बिनकांट्याचा निवडुंग लावावा, दुष्काळांत तो गुरांस चारा म्हणून उपयोगी पडतो, अशी शिफारस गेल्या कांहीं वर्षांत सरकारी व बिनसरकारी संस्थांकडून पुष्कळ वेळां करण्यांत आली आहे. केंद्र सरकारच्या भूमिसंसाधन विभागानें २०२२ सालीं पाणलोट विकासाच्या कामांत निवडुंगाच्या लागवडीस उत्तेजन देण्याचें धोरण पुढें मांडलें. साहजिकच शेतकरी वर्गांत या विषयीं उत्सुकता उत्पन्न झाली आहे. कोणी पाहुण्याकडून चार फडे आणतो, कोणी रोपवाटिकेंतून आणतो, आणि बांधावर खोंचून देतो. आणलेला निवडुंग कोणत्या जातीचा, मोठा झाल्यावर तो कसा वागेल, त्यावर कोणती कीड पडते, याची चौकशी करणारा मात्र विरळा. आमचें मत थोडक्यांत असें कीं, ही वनस्पति लावण्यासारखी आहे. परंतु ओळख पटविल्यावांचून ती एकाही बांधावर लावूं नये. असें म्हणण्याचीं कारणें कांहीं वनस्पतिशास्त्रांत आहेत, कांहीं इतिहासांत आहेत आणि कांहीं आमच्या नाशिक जिल्ह्याच्या जमिनींतच आहेत. तीं क्रमानें सांगतों.

नांवाचा घोंटाळा

आपल्या भाषेंत निवडुंग हा शब्द दोन अगदीं भिन्न कुळांतील वनस्पतींना लावला जातो. तीनधारी निवडुंग, वई निवडुंग, शेर हीं सर्व एरंडाच्या कुळांतील झाडें होत. त्यांस कोठेंही खरचटलें कीं पांढरा चीक वाहूं लागतो, आणि तो डोळ्यांत गेल्यास भयंकर दाह होऊन दृष्टीसही इजा पोहोंचते. वैद्यकांतील स्नुही म्हणजे हाच चिकाचा निवडुंग. फड्या निवडुंग याहून सर्वस्वीं वेगळा. त्यास चीक नाहीं. कापल्यावर निघतो तो बुळबुळीत, रंगहीन रस. त्याचें कुळ कॅक्टसचें. एखादा अपवाद सोडला तर हें सारें कुळ अमेरिका खंडांतील आहे. हिंदुस्थानांत त्याचें एकही झाड मूळचें नाहीं. युरोपीय लोकांचीं गलबतें पूर्वेकडे येऊं लागल्यानंतरच फड्या निवडुंग आपल्याकडे आला. तो आज इतका आपला वाटतो कीं, त्याच्या परकेपणाची कोणास शंकाही येत नाहीं.

हा भेद केवळ पंडितांच्या उपयोगाचा नव्हे. निवडुंग गुरांस चालतो एवढेंच अर्धवट ऐकून एखाद्यानें चिकाचा निवडुंग कुट्टी करून जनावरांपुढें टाकला, तर त्याचा परिणाम काय होईल हें सांगावयास नको. म्हणून पहिली परीक्षा ही कीं, सुरीचें टोंक लावून पाहावें. पांढरा चीक आला तर तो निवडुंग चाऱ्याचा नव्हे.

फड्याची रचना

आपण ज्यास निवडुंगाचें पान म्हणतों तें पान नसून खोड आहे. चपटें, मांसल, हिरवें असें हें खोड पानाचें काम करतें. खरीं पानें पाहावयाचीं असल्यास नुकताच फुटलेला कोंवळा फडा पाहावा. त्यावर तांदळाच्या दाण्याहून फार मोठीं नसलेलीं, टोंकदार, हिरवीं पानें दिसतात. तीं थोड्याच दिवसांत गळून पडतात. जेथें पान होतें तेथें एक लहानसा लोंकरी ठिपका राहतो. यास आपण डोळा म्हणूं. हा डोळा कॅक्टसच्या सर्व कुळाची खूण आहे, आणि निवडुंगाचें सर्व बरेंवाईट या डोळ्यांतूनच निघतें. कांटा डोळ्यांतून, नवा फडा डोळ्यांतून, फूल डोळ्यांतून, आणि जमिनीस टेकल्यास मूळही डोळ्यांतूनच फुटतें.

कांट्यांचे दोन प्रकार आहेत, आणि ज्यानें बिनकांट्याचा निवडुंग घ्यावयाचा त्यानें ते दोन्ही ध्यानांत ठेवले पाहिजेत. पहिला मोठा कांटा. तो सर्वांना दिसतो. दुसरें कुसळ, तें केंसासारखें बारीक, अग्राशीं उलट्या दांत्यांचें, डोळ्याभोंवतीं झुबक्यानें असतें. मोठा कांटा टोंचला तर उपटून काढतां येतो. कुसळें मात्र बोटाच्या नुसत्या स्पर्शानें शेंकड्यांनीं अंगांत शिरतात व दिवसच्या दिवस खुपतात. जनावराच्या जिभेस व हिरड्यांस जी इजा होते तींत कुसळांचा वांटा मोठा असतो. बाजारांत जो बिनकांट्याचा म्हणून मिळतो त्यास मोठे कांटे नसले तरी कुसळें थोडींबहुत असूं शकतात. जाड फडक्यानें फडा पुसून तें फडकें उजेडांत पाहावें, म्हणजे विकणाऱ्याचें बोलणें कितपत खरें तें तत्काळ समजतें.

फूल मोठें, पुष्कळ पाकळ्यांचें व असंख्य केसरांचें असतें. केसरांस बोट लावल्यास ते आंत मिटतात. बीजकोश फड्याच्या टोंकांतच रुतलेला असल्यामुळें पिकलेल्या बोंडावरही डोळे व कुसळें असतात. लहानपणीं निवडुंगाचीं बोंडें खाऊन ज्यांनीं तोंड लाल व हात सुजवून घेतले असतील त्यांस हें सांगण्याची गरज नाहीं. पुष्कळ जातींत बोंड जमिनीवर पडून राहिलें तर बियांची वाट न पाहतां त्या बोंडासच मुळें फुटून नवें झाड होतें. पाखरें व जनावरें बोंडें खाऊन बीं दूरवर नेतात तें निराळेंच. अशा तीन वाटांनीं, म्हणजे फड्यानें, बोंडानें व बियांनीं, ही वनस्पति पसरते.

रात्रीचा श्वास

निवडुंग पाण्यावांचून जगतो तो कसा, हेंही समजून घेण्यासारखें आहे. ज्वारी, गहू, हरभरा हीं पिकें दिवसा आपलीं पर्णरंध्रें उघडून हवा घेतात, आणि त्याच वेळीं उन्हानें त्यांतून पाणी उडून जातें. निवडुंग दिवसा रंध्रें मिटून बसतो व रात्रीच्या गारव्यांत उघडतो. रात्रीं घेतलेला कर्बवायु तो आम्लाच्या रूपानें सांठवितो आणि दिवसा रंध्रें बंद ठेवून त्या सांठ्यापासून आपलें अन्न तयार करतो. आपल्या परसांतील पानफुटीचीही हीच रीत आहे. कंपनी सरकारच्या अमदानींत हिंदुस्थानांत काम करणाऱ्या बेंजामिन हाइन या वनस्पतिशास्त्रज्ञानें पानफुटीचें पान सकाळीं आंबट, दुपारीं बेचव व संध्याकाळीं किंचित् कडवट लागतें असें पाहिलें. त्याचें तें पत्र १८१५ सालीं विलायतेंत प्रसिद्ध झालें. ज्या गोष्टीचा पुढें मोठा शोध झाला तिची सुरुवात आपल्याच देशांतील एका पानाच्या चवीपासून झाली, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

या रीतीमुळें निवडुंगास इतर पिकांच्या मानानें कितीतरी कमी पाणी लागतें. त्याचीं मुळें खोल जात नाहींत. वरच्या थरांत दूरवर पसरून लहानशा सरीचेंही पाणी तीं टिपून घेतात. मात्र याच मुळांना पाणी सांचलेलें सोसत नाहीं. ही गोष्ट पुढें जमिनीच्या विचारांत कामास येईल.

आपल्याकडील जाती

रानोमाळ पसरलेल्या निवडुंगांत एकच जात आहे असा समज होता व अजूनही आहे. बर्किल या शास्त्रज्ञानें १९११ सालीं हिंदुस्थानांत रानटी झालेल्या जातींची छाननी करून त्या निरनिराळ्या असल्याचें दाखविलें. शेतकऱ्यास उपयोगी पडतील अशा खुणा आम्ही येथें देतों.

पहिली जात ओपन्शिया डिलेनाय. हिचे कांटे पिवळे, चपटे व बहुधा किंचित् वांकडे असतात. फूल लिंबासारखें पिवळें. हिला हल्लीं कित्येक शास्त्रज्ञ ओपन्शिया स्ट्रिक्टा या जातीचाच एक प्रकार मानतात. दुसरी ओपन्शिया इलेशिअर. हिचे कांटे तपकिरी व सरळ सुईसारखे, आणि फुलांच्या पिवळ्या रंगांत तांबडी झांक असते. तिसरी ओपन्शिया मोनॅकँथा. ही उंच वाढते, फडे पातळ व चकचकीत हिरवे, आणि एका डोळ्यांत बहुधा एक किंवा दोनच कांटे. चौथी ओपन्शिया फायकस-इंडिका. फडे मोठे व जाड, खालचे फडे कालांतरानें लांकडासारखे होऊन खोड बनतें. चाऱ्यासाठीं व फळांसाठीं जगभर लावतात ती मुख्यत्वें ही. बिनकांट्याचे बहुतेक प्रकार हिचेच. पांचवी नोपॅलिया, जिला ओपन्शिया कोचेनिलिफेरा असेंही म्हणतात. फडे अरुंद व लांबट, कांटे बहुधा नसतात, फूल तांबडें आणि केसर पाकळ्यांच्या बाहेर डोकावतात.

या खुणांत फुलाची व फळाची खूण अधिक भरंवशाची. कांट्यांवर सर्वस्वीं विसंबूं नये. याचें उत्तम उदाहरण उत्तर अमेरिकेंतील गवताळ मैदानांवर वाढणाऱ्या एका ठेंगण्या निवडुंगाचें आहे. त्याचें नांव ओपन्शिया फ्रॅजिलिस, म्हणजे ठिसूळ निवडुंग. नटॉल यानें १८१८ सालीं त्याचें प्रथम वर्णन केलें. त्याचे फडे दोन बोटांच्या पेरांएवढेच, फुगीर, जवळ जवळ गोल असतात व सांध्याशीं इतके सैल असतात कीं, जाणाऱ्या जनावराच्या केंसांस कांटा अडकला कीं फडा तुटून त्याच्याबरोबर चालूं लागतो आणि पडेल तेथें रुजतो. तो क्वचितच फुलतो; त्याचा प्रसार मुख्यतः या तुटक्या फड्यांनींच होतो. कॅनडाच्या बर्फाळ थंडींत तगून राहणारा, सर्व कॅक्टसांत अगदीं उत्तरेकडे पोहोंचलेला असा हा चिमुकला आहे. हिंवाळा आला म्हणजे तो आपल्या अंगांतील पाणी कमी करून सुरकुततो, जमिनीस लागतो, आणि वसंतांत पुन्हां फुगतो. या एकाच जातींत भरगच्च कांट्यांचेही झाड सांपडतें व जवळ जवळ कांट्यांवांचूनचेंही सांपडतें. वनस्पतिशास्त्रज्ञांनीं त्यांस निरनिराळ्या प्रकारांचीं नांवें दिलीं, परंतु जात एकच राहिली.

या परदेशी झाडाचें वर्णन आम्हीं उगाच केलें नाहीं. त्यापासून दोन धडे मिळतात. कांटा असणें वा नसणें हा प्रकाराचा गुण आहे, जातीचा नव्हे. म्हणून बिनकांट्याचा म्हणजे निरुपद्रवी जातीचा असें समजणें चूक होय. आणि दुसरें, फडा तुटणें म्हणजे झाड मरणें नव्हे; तें त्याचें बीं पेरणें होय. आपल्या बांधावरचा निवडुंग तोडून ओढ्यांत फेंकणारा शेतकरी खालच्या गांवासाठीं निवडुंगच लावीत असतो.

किडीनें केलेली साफसफाई

आतां इतिहासाकडे वळूं. किरमिजी रंग देणारी कोचिनील नांवाची कीड निवडुंगावर जगते. हा रंग त्या काळीं फार मोलाचा होता. तो आपल्या मुलखांत काढावा या इच्छेनें कंपनी सरकारनें प्रयत्न चालविले, आणि १७९५ सालीं कॅप्टन नील्सन यानें ब्राझीलमधून ही कीड कलकत्त्यास आणली. पण आणलेली कीड उत्तम रंग देणारी नव्हती. ती तिची रानटी बहीण निघाली. रंगाचा धंदा बसला, परंतु कीड मोनॅकँथा जातीवर तुटून पडली आणि ती जात उत्तर व मध्य हिंदुस्थानांतून बहुतेक नाहींशी झाली. तें पाहून १८३६ ते १८३८ या काळांत ती दक्षिणेंत मुद्दाम नेण्यांत आली व पुढें १८६३ च्या सुमारास सिंहलद्वीपांतही सोडण्यांत आली. तणाच्या नाशासाठीं कीड बुद्धिपुरस्सर योजल्याच्या जगांतील अगदीं पहिल्या उदाहरणांत याची गणना होते.

परंतु या किडीनें डिलेनाय व इलेशिअर या जातींस हात लावला नाहीं. त्या तशाच माजत राहिल्या. गांवकुसाशीं, ओढ्याच्या कांठीं व गायरानांत त्यांचीं जंगलें झालीं. जमीन अडली, सापांस व रानडुकरांस थारा मिळाला. अखेर १९२६ सालीं सिंहलद्वीपांतून दुसऱ्या जातीची कोचिनील कीड, जिला डॅक्टिलोपिअस ओपन्शिआय म्हणतात, तिनेवेल्ली जिल्ह्यांत आणली गेली. पांच-सहा वर्षांत दक्षिण हिंदुस्थानांतील सुमारें ४०,००० हेक्टर, म्हणजे जवळ जवळ एक लाख एकर जमीन तिनें मोकळी केली. पुढें मुंबई इलाख्यांतही ही कीड पसरली व दख्खनच्या गांवांभोंवतींचा निवडुंग वाळून गेला. जें कुऱ्हाडीनें, विस्तवानें व पैशानें साधलें नव्हतें तें कापसाच्या बोंडासारख्या दिसणाऱ्या या बारीक किड्यानें साधलें.

ऑस्ट्रेलियाची गोष्ट तर प्रसिद्धच आहे. कुंपणासाठीं व शोभेसाठीं नेलेल्या निवडुंगानें १९२५ पर्यंत तेथील सुमारें सहा कोट एकर जमीन व्यापली होती. त्या सालीं अर्जेंटिनाहून कॅक्टोब्लास्टिस नांवाच्या पतंगाचीं अंडीं आणलीं, आणि १९३३ पर्यंत बहुतेक प्रदेश मोकळा झाला. क्वीन्सलंडमधील बूनार्गा गांवच्या शेतकऱ्यांनीं १९३६ सालीं आपल्या सभागृहास या पतंगाचें नांव दिलें. कुंपणासाठीं लावलेलें झाड शेत गिळतें, असा प्रकार एका देशांत नव्हे, अनेक देशांत झाला आहे.

तोच मित्र आतां शत्रु

येथें आमच्या विषयाचा गाभा आहे. ज्या किडीनें आमच्या वडीलधाऱ्यांचीं शेतें सोडविलीं ती हिंदुस्थानांतून गेलेली नाहीं. रानटी निवडुंगाच्या बेटांवर ती आजही सांपडते. फडा पाहतांना त्यावर पांढऱ्या कापसाचे ठिपके दिसले व चिरडतांच बोट लाल झालें, तर ती तीच समजावी. आणि ही कीड रानटी निवडुंगावर जशी जगते तशीच चाऱ्याच्या फायकस-इंडिकावरही जगते. तिला आपलें कोणतें आणि तण कोणतें हा विवेक नाहीं.

हें केवळ भय दाखविण्यासाठीं म्हणत नाहीं. ब्राझीलच्या ईशान्य भागांत चाऱ्याच्या निवडुंगाचीं मोठमोठीं शेतें आहेत. या शतकाच्या आरंभीं तेथें या किडीनें एवढा नाश केला कीं, शेतकऱ्यांस किडीस दाद न देणारे प्रकार शोधून नव्यानें लागवड करावी लागली. त्यांत स्ट्रिक्टा जातीचा एक व नोपॅलियाचा एक असे प्रकार मुख्य आहेत. मोरोक्कोंत २०१४ सालीं ती प्रथम दिसली, आणि थोड्याच वर्षांत कित्येक गांवांचीं पिढीजात निवडुंगाचीं कुंपणें व बागा नाहींशा झाल्या. दक्षिण आफ्रिकेंत १९३० नंतरच्या दशकांत रानटी निवडुंगावर किडी सोडण्याचा प्रश्न निघाला तेव्हां ज्यांचा चारा त्याच निवडुंगावर अवलंबून होता त्या शेतकऱ्यांनीं विरोध केला होता. एकाचें तण तें दुसऱ्याचें पीक, हा तंटा आपल्याकडेही उद्यां उभा राहूं शकतो. मग एकाच प्रकारचे फडे गांवोगांव वांटून, एकाच किडीच्या तोंडीं सारा जिल्हा देणें, हें कोणत्या शहाणपणाचें ?

दुसरें भय बियांचें. बिनकांट्याचें झाड फड्यापासून केलें तर बिनकांट्याचें राहतें. बियांपासून झालेलीं रोपें मात्र पुष्कळदां पूर्वजांवर जाऊन कांटेरी निघतात. शेतांतील झाड गुणी असलें तरी पाखरांनीं ओढ्याकांठीं पेरलेलीं त्याचीं लेंकरें तशींच निघतील याची हमी नाहीं. अमेरिकेंत ल्यूथर बरबँक यानें १९०७ च्या सुमारास बिनकांट्याचा निवडुंग वाळवंटाचें नंदनवन करील अशी मोठी जाहिरात केली. लोकांनीं भारी किमती देऊन फडे घेतले. पण कुंपणावांचून गुरें झाड शिल्लक ठेवीनात, थंडींत तें टिकेना, आणि पाण्याशिवाय जाहिरातींतलें उत्पन्न येईना. कांटा हा निवडुंगाचा रखवालदार आहे. तो काढला कीं रखवालदारीचा खर्च आपल्यावर येतो, एवढी साधी गोष्ट त्या जाहिरातींत नव्हती.

मग लावावा कां ?

इतकें सांगूनही आम्ही लागवडीच्या विरुद्ध नाहीं. दुष्काळांत कांटे जाळून निवडुंग गुरांस घालण्याचे प्रयोग या इलाख्यांत पूर्वींच झाले आहेत. तो उपाय नवा नव्हे. पुढें फलटणच्या निंबकर कृषि संशोधन संस्थेनें परदेशी बिनकांट्याचे प्रकार आणून पाहिले. बाएफ संस्थेनें उरुळीकांचन येथें व अन्यत्र चाऱ्यासाठीं लागवड करून दाखविली. जोधपूरच्या केंद्रीय शुष्क प्रदेश संशोधन संस्थेंत व झांशीच्या चारा संशोधन संस्थेंत काम झालें आहे. तेव्हां ज्ञान नाहीं अशी सबब नाहीं. आपण तें विचारीत नाहीं, हा दोष आहे.

मात्र निवडुंगाची योग्यता नीट मापावी. ताज्या फड्यांत शेंकडा ८५ ते ९० भाग पाणी असतें. म्हणजे दहा किलो फड्यांत कोरडा अंश जेमतेम एक ते दीड किलो, आणि त्यांत प्रथिनें पन्नास ते शंभर ग्रॅमांच्या आसपास. नुसता निवडुंग घातल्यास जनावर हगवणीनें खंगेल, पोट भरलें तरी अंग धरणार नाहीं. तोच बारीक कापून कडब्याच्या किंवा भुशाच्या जोडीस दिला, आणि वर थोडी पेंड अगर शेंगवर्गीय पाला दिला, तर कडबा पुरवणीस पडतो व जनावराच्या पाण्याचीही बरीच सोय होते. चैत्र-वैशाखांत जेथें टँकरची वाट पाहावी लागते तेथें चाऱ्यांतून मिळणारें हें पाणी थोडें समजूं नये. सारांश, निवडुंग हा जेवणांतील भाकरी नव्हे, कालवण आहे.

आमच्या जिल्ह्यापुरता विचार

नाशिक जिल्हा एक असला तरी त्याचा पाऊस एक नाहीं. इगतपुरीकडे तीन हजार मिलिमीटरांच्या घरांत पाऊस पडतो. येवलें, नांदगांव, सिन्नरचा पूर्वभाग येथें तो पांचशेच्या आसपास येतो. पश्चिमेकडील भातखाचरांच्या मुलखांत निवडुंग लावणें म्हणजे तो कुजविणें होय. काळ्या चिकण जमिनींत, जेथें पावसाळ्यांत पाणी तुंबतें, तेथेंही तो नको. पूर्वेकडील मुरमाड, उताराच्या, निचऱ्याच्या हलक्या जमिनींत, जेथें बाजरी कशीबशी येते, तेथें त्याची जागा आहे.

अंबडच्या शिवाराविषयीं दोन शब्द लिहिल्याशिवाय राहवत नाहीं. पांडवलेण्याच्या डोंगराच्या आसपासचा हा मुलूख आज नाशिक महानगरपालिकेच्या हद्दींत आहे, आणि औद्योगिक वसाहतीनें त्याचा मोठा भाग व्यापला आहे. जेथें बांध होते तेथें भिंती आल्या. बांधच राहिला नाहीं तेथें बांधावर काय लावावें हा प्रश्नही राहिला नाहीं. जें शेत शिल्लक आहे तें भाजीपाल्यास व बागेस मोलाचें आहे. तेथें निवडुंगास आम्ही एक वाफाही देणार नाहीं. परंतु ज्या खातेदारांनीं जमीन गेल्यावर सिन्नरकडे अगर आणखी पूर्वेस माळरान घेतलें असेल, त्यांनीं हा लेख आपल्यासाठींच आहे असें समजावें. बागाइताची संवय असलेला मनुष्य माळरानावर प्रथम विहीर पाडतो, मग बोअर मारतो, मग कर्ज काढतो. त्याऐवजीं आधीं दोन गुंठे निवडुंग, चार बांध व दहा झाडें लावून माळ काय देतो हें पाहिलें, तर पुष्कळ पैसा व पुष्कळ मनस्ताप वांचेल.

लावणाऱ्यानें काय पाळावें

पहिलें, फडे ओळखीच्या संस्थेकडून, प्रकाराच्या नांवासह घ्यावे. नांव न सांगतां येणाऱ्याकडून फुकटही घेऊं नयेत. दुसरें, एकच प्रकार न लावतां दोन-तीन प्रकार निरनिराळ्या ओळींत लावावे, व किडीस दाद न देणारा प्रकार मिळेल तर त्यास प्राधान्य द्यावें. तिसरें, आणलेला प्रत्येक फडा दोन्ही बाजूंनीं पाहावा. पांढरा कापूस दिसल्यास तो जाळावा, बांधावर टाकूं नये. चौथें, फडा सांध्याशीं कापून एक-दोन आठवडे सावलींत सुकवावा, जखम भरून आल्यावर तिसरा हिस्सा ते अर्धा जमिनींत जाईल असा उभा लावावा, आणि लगेच पाण्यांत बुडवूं नये. पांचवें, ओढा, नाला व गायरान यांच्या कडेला लावूं नये. चाऱ्यासाठीं लावलेल्या झाडाचीं बोंडें पिकूं देऊं नयेत. सहावें, पहिलीं दोन वर्षें गुरांपासून राखावें. ज्यास राखण जमत नसेल त्यानें या भानगडींत पडूं नये.

हीं सहा कलमें एकट्या शेतकऱ्यास जड वाटतील. तीं संघाच्या कामाचीं आहेत. आमच्यासारख्या शेतकऱ्यांच्या संघांनीं आपापल्या भागांत अर्धा एकराचा एक मूळमळा राखावा, तेथें प्रत्येक ओळीवर जातीची व प्रकाराची पाटी असावी, फडा कोठून आला व केव्हां आला याची वही असावी, आणि सभासदांस फडे तेथूनच द्यावे. किडीचा एक ठिपका दिसला तरी वांटप थांबवावें. यास मोठा खर्च लागत नाहीं; लागते ती नियमितता. आणि ज्या संस्था अनुदानावर लागवड करवितात त्यांजकडे आमचें मागणें इतकेंच कीं, किती फडे वांटले हा आंकडा छापण्याबरोबर ते कोणत्या प्रकारचे होते व तीन वर्षांनीं किती उरले, हेही आंकडे छापावे. शेतकऱ्यास उपयोग दुसऱ्या दोन आंकड्यांचा आहे.

आपल्या पूर्वजांनीं कुंपणाच्या सोयीसाठीं न ओळखतां निवडुंग लावला, आणि तो काढण्यांत दोन पिढ्यांचे श्रम गेले. कीड मिळाली म्हणून सुटका झाली. प्रत्येक वेळीं अशी कीड मिळेलच असें नाहीं, आणि मिळाली तर ती आपल्या पिकासही सोडील असें नाहीं. तेव्हां येत्या पावसाळ्यापूर्वीं कोणी मित्र हातांत फडा देऊं लागला, तर सभासद बंधूंनीं तो घेण्याआधीं त्यास जात, प्रकार व ठिकाण हे तीन प्रश्न अवश्य विचारावे. उत्तर आलें तर आनंदानें लावावा. न आलें तर आभार मानून परत द्यावा.